पाण्यावरचा पहारा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगणा आहे. तिथल्या बॉडमिन मूर या माळरानाच्या कडेला, कॅमलफर्ड गावाजवळ, लोअरमूर इथं एक जलशुद्धीकरण केंद्र आहे. ६ जुलै १९८८ च्या दुपारी २० टन ॲल्युमिनियम सल्फेटचं द्रावण घेऊन एक टँकर तिथं आला. गढूळ पाणी निवळावं म्हणून आपल्या फिल्टर प्लांटवर जी तुरटी वापरतात, तेच हे रसायन. त्या दिवशी टँकरवर नेहमीचा चालक नव्हता, बदलीचा होता. केंद्रावर चिटपाखरू नव्हतं. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला टाकी, एवढंच त्याला सांगितलेलं होतं आणि हातात एक चावी दिलेली होती. ती चावी एका झाकणाच्या कुलपाला लागली. त्यानं नळी सोडली, टँकर रिकामा केला आणि तो निघून गेला.

ती तुरटीची टाकी नव्हती. शुद्ध झालेलं पाणी गावांकडे सुटण्याआधी जिथं थांबतं, ती टाकी होती. पाणी खात्यानं कुलपं अशी घेतली होती की एकच चावी जवळपास सगळीकडे चालावी. कर्मचाऱ्यांना चाव्यांचा जुडगा वागवायला नको, ही त्यातली सोय.

त्या केंद्राचं पाणी सुमारे २०,००० लोक पीत होते, शिवाय उन्हाळ्याच्या सुटीसाठी आलेले पर्यटक. पाणी इतकं आम्लधर्मी झालं की घराघरातल्या नळांतून तांबं आणि शिसं विरघळून बाहेर येऊ लागलं. लोकांच्या तोंडात फोड आले, पोटं बिघडली, अंगावर पुरळ उठलं, काहींचे केस हिरवट झाले. तक्रारींचे फोन सुरू झाल्यावर खात्यानं मुख्य जलवाहिन्या धुऊन काढल्या आणि ते पाणी नद्यांत सोडलं. कॅमल आणि ॲलन या दोन नद्यांतले हजारो मासे मेले. आणि लोकांना काय सांगितलं? पाणी पिण्यायोग्य आहे. चव लागत असेल तर सरबतात मिसळून प्या. खरं कारण लोकांपुढे आलं ते १६ दिवसांनी, एका स्थानिक वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरच्या जाहिरातीतून. या गप्प राहण्याला एक पार्श्वभूमी होती: इंग्लंडमधली पाणी खाती त्या वेळी खासगीकरणाच्या उंबरठ्यावर होती. १९९१ मध्ये खात्याला १०,००० पौंड दंड झाला. ब्रिटिश सरकारनं माफी मागायला २०१३ साल उजाडलं.

पाण्याच्या सुरक्षेवर लिहायला बसल्यावर मी सुरुवात या घटनेपासून करते आहे, त्याला कारण आहे. हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे धरणात विष कालवणारा कुणी दहशतवादी येतो. तो धोका तज्ज्ञांनी पुष्कळ तपासून पाहिला आहे. कोट्यवधी घनमीटर पाण्यात कुठलंही विष इतकं पातळ होतं, वर ऊन, गाळ, तुरटी, वाळूचे थर आणि क्लोरीन यांतून त्याला पार व्हावं लागतं, की धरण हे या साखळीतलं सगळ्यात अवघड लक्ष्य ठरतं. नाजूक भाग पुढे आहे. शुद्धीकरण झाल्यानंतरची टाकी, पंप, व्हॉल्व्ह, गल्लीतली जलवाहिनी. तिथून पाणी थेट आपल्या पेल्यात येतं, मधे कुठलीही चाळणी उरलेली नसते. लोअरमूरमध्ये चूक झाली ती नेमकी या जागी, आणि शत्रू कुणीच नव्हता.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं आपल्या पाणीपुरवठा यंत्रणांकडे या नजरेनं पाहिलं. २००२ च्या एका कायद्यानं ३,३०० हून अधिक लोकांना पाणी पुरवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला आपली कच्ची ठिकाणं शोधून लिहून काढणं बंधनकारक केलं. अण्वस्त्रांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेनं त्यासाठी एक पद्धत बसवून दिली. तिचा गाभा सरळ आहे. आधी ठरवायचं की आपल्या यंत्रणेत अशी कोणती जागा आहे, जी बंद पडली तर गाव तहानलेलं राहील किंवा आजारी पडेल. मग तीन कालावधी मोजायचे. कुणी आत शिरलं तर आपल्याला कळायला किती वेळ लागेल? त्या जागेपर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागेल? आणि आपली माणसं तिथं यायला किती वेळ लागेल? तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर भिंत कितीही उंच बांधा, उपयोग नाही. कॅमेरा लावला आणि पडद्यासमोर कुणी बसलेलं नसेल, तर हाती येतं ते फक्त नंतर पाहायचं चित्रीकरण. २०१८ मध्ये नवा कायदा आला. त्यानं संगणक, नैसर्गिक आपत्ती आणि रसायनांची हाताळणीही या तपासणीत आणली आणि ती दर पाच वर्षांनी पुन्हा करायला लावली.

सांडपाण्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नव्हतं. मैलापाणी कोण चोरणार, त्यावर कोण हल्ला करणार? याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका गावानं २००० मध्येच देऊन ठेवलं होतं.

क्वीन्सलँड राज्यातलं मरूची शायर. समुद्रकिनाऱ्याचा, हॉटेलांचा, सुखवस्तू लोकांचा भाग. तिथल्या सांडपाणी व्यवस्थेत १४२ पंपिंग स्टेशनं होती आणि ती सगळी नव्यानं रेडिओ संदेशांवर चालू झाली होती. वर्षाच्या सुरुवातीला विचित्र गोष्टी घडू लागल्या. चालायला हवे तेव्हा पंप चालेनात. धोक्याची घंटा वाजायला हवी तेव्हा वाजेना. मध्यवर्ती संगणकाचा स्टेशनांशी संपर्क तुटू लागला. यंत्रणा नवीन, तेव्हा बसवण्यातच काहीतरी राहिलं असेल, असं सगळ्यांनी धरलं आणि कंत्राटदाराचे लोक दुरुस्त्या करत राहिले. दरम्यान मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका बड्या हॉटेलच्या आवारात शिरत होतं. ओढ्याचं पाणी काळं पडलं, त्यातले जीव मेले. एकूण सुमारे ८ लाख लिटर.

शेवटी एका अभियंत्यानं रात्री बसून संदेशांची नोंद वाचायला घेतली. बिघडवणारे संदेश १४ क्रमांकाच्या स्टेशनकडून येताना दिसत होते. तो त्या स्टेशनवर गेला, यंत्र उघडून पाहिलं, ते ठणठणीत होतं. तेव्हा त्यानं त्या स्टेशनचा क्रमांकच बदलून ३ केला. आता खऱ्या स्टेशनचे संदेश ३ या नावानं येणार होते, म्हणजे यापुढे १४ या नावानं जो बोलेल तो तोतया. आणि १४ बोलतच राहिला. २३ एप्रिल २००० ला पोलिसांनी एक मोटार अडवली. तिच्यात लॅपटॉप आणि रेडिओ सापडला. गाडीतला माणूस हीच यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला होता. नगरपालिकेत नोकरी मागायला गेला होता, ती मिळाली नव्हती. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

त्या अभियंत्यानं केलेली ती क्रमांकाची अदलाबदल मला फार मोलाची वाटते. महागडं काहीही न आणता, एक आकडा बदलून, त्यानं खरं आणि खोटं वेगळं केलं. आठवडेच्या आठवडे सगळे ज्याला बिघाड म्हणत होते, त्याला हा बिघाड वाटत नाही असं म्हणण्याचं धाडस त्याच्याकडे होतं. हल्लेखोरानं कुलूप फोडलंच नव्हतं. नोकरी सुटली, पण आतली माहिती आणि साधनं त्याच्याकडेच राहिली. शिवाय योग्य लहरींवर बोलणाऱ्या कुणाचाही हुकूम पंप मानत होते.

तेवीस वर्षांनी, २५ नोव्हेंबर २०२३ ला, अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या ॲलिक्विपा गावात पाण्याचा दाब वाढवणाऱ्या एका छोट्या स्टेशनच्या पडद्यावर इस्रायलविरोधी मजकूर झळकला. इराणच्या लष्करी यंत्रणेशी जोडल्या गेलेल्या गटानं इस्रायली बनावटीचं नियंत्रक यंत्र ताब्यात घेतलं होतं. या यंत्रांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड तेव्हा ११११ असे आणि अनेक ठिकाणी तो कुणी बदललेलाच नव्हता. ॲलिक्विपाचं पाणी थांबलं नाही. कर्मचाऱ्यांनी यंत्र बंद केलं आणि पंप हातानं चालवले. हातानं चालवता येत होते, म्हणून. योगायोग असा की पाणी यंत्रणांची संगणक सुरक्षाही तपासा, असा केंद्रीय पर्यावरण संस्थेचा आदेश काही राज्यांनी न्यायालयात अडवला होता आणि तो मागे घेतला गेला त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. मे २०२४ मध्ये त्याच संस्थेनं जाहीर केलं की आदल्या सप्टेंबरपासून तपासलेल्या यंत्रणांपैकी ७० टक्क्यांहून जास्त ठिकाणी कायद्याच्या मूलभूत अटीही पाळलेल्या नव्हत्या.

फ्लोरिडातल्या ओल्ड्समारची फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट जगभर गाजली. दुरून कुणीतरी संगणकात शिरलं आणि पाण्यात सोडायच्या कॉस्टिक सोड्याचं प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून ११,१०० वर नेलं. ड्युटीवरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण हलला आणि त्यानं लगेच आकडा पूर्ववत केला. पुढे एफबीआयला बाहेरच्या हल्ल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि त्या वेळच्या नगर व्यवस्थापकानं ही कर्मचाऱ्याच्याच हातून झालेली चूक असावी असं सांगितलं. हल्ला असो वा चूक, ती लगेच सावरली त्याचं कारण साधं होतं. पडद्याकडे कुणीतरी बघत होतं, आणि आकडा खाली आणायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

हे सगळं डोक्यात ठेवून मी आपल्याकडच्या एका तालुक्याच्या गावचं फिल्टर हाउस पाहायला गेले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं जे आहे ते बहुतेक गावांत आहे. टेकडीवर केंद्र, खाली नदीकाठी जॅकवेल. संध्याकाळच्या पाळीला एक काका होते, निवृत्तीला आलेले, आणि त्यांच्या हाताखाली कंत्राटावरचा एक पोरगा. क्लोरीनच्या खोलीत ९०० किलोचा पिवळा टनर, म्हणजे मोठा सिलिंडर, आडवा ठेवलेला. काकांनी अमोनियात भिजवलेला बोळा काठीला लावून जोडावरून फिरवला. गळती असेल तर पांढरा धूर येतो. आला नाही. "हे रोज करायचं, ताई. नाकाला वास आला म्हणजे उशीर झालाच समजा."

मग त्यांनी नोंदवही काढली. दर दोन तासांनी पाण्यात उरलेल्या क्लोरीनची नोंद. पानभर आकडे होते: ०.८, ०.६, ०.९, ०.५, मधेच एक ०.३, त्याच्यापुढे लाल शाईत "डोस वाढवला". वेगवेगळी अक्षरं, एका पानावर चहाचा डाग. मला त्या वहीचा विश्वास वाटला तो तिच्या ओबडधोबडपणामुळे. खरी मोजमापं कधी एका ओळीत येत नाहीत.

कॅनडातल्या वॉकर्टन गावची वही सरळ होती. तिथं वर्षानुवर्षं ०.५ किंवा ०.७५ लिहिलं जाई, मोजलं असो वा नसो. मे २००० मध्ये जोराच्या पावसानं गोठ्याच्या शेणखताचा अंश एका विहिरीत उतरला. क्लोरीन पुरेसं नव्हतं आणि ई. कोलाय जिवाणू नळांत पोचला. प्रयोगशाळेनं पाणी दूषित असल्याचं १७ मे रोजी पाणी विभागाला कळवलं होतं. आरोग्य अधिकारी विचारत राहिले, विभाग सगळं ठीक आहे म्हणत राहिला. शंका आली ती रुग्णालयातल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना, रक्ती जुलाबाची मुलं पाहून. २१ मेला आरोग्य विभागानं स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याची सूचना दिली. ७ माणसं गेली, सुमारे २,३०० आजारी पडली. वस्ती जेमतेम पाच हजारांची.

फिल्टर हाउसच्या ऑफिसात नवा पडदा बसवला होता, टाक्यांची पातळी आणि पंपांची स्थिती दाखवणारा. तो कंत्राटदाराचा माणूस पुण्यातून बघतो आणि गरज पडली तर पंपही तिथूनच चालू-बंद करतो. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला होता. तो कधी बदलला, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी काकांना विचारलं, "रात्री दोन वाजता पाण्यात काही वावगं दिसलं, तर गावाचा व्हॉल्व्ह तुम्ही बंद करू शकता का?"

काका जरा थांबले. "करू शकतो म्हणजे, हातात चावी आहे. पण साहेबांना विचारल्याशिवाय कसा करणार? सकाळी बोंब झाली की पाणी का नाही आलं, तर नाव माझंच." पोरगा म्हणाला, "साहेब रात्री फोन उचलतीलच असं नाही ना, काका."

मला या सगळ्या विषयात सर्वांत मोठं भगदाड तिथं दिसलं. पासवर्ड एका दुपारीत बदलता येईल. पण शंका आल्यावर पाणी थांबवायचा आणि लोकांना सांगायचा अधिकार कुणाला, हे लिहून ठेवलेलं नसेल, तर सगळ्यात जागरूक माणूससुद्धा सकाळची वाट पाहत बसतो. लोअरमूरमध्ये १६ दिवस असेच गेले. वॉकर्टनमध्ये चार दिवस.

आपल्याकडे तर हल्लेखोराची वाट पाहण्याचीही गरज नाही. बहुतेक शहरांत पाणी तास-दोन तास सुटतं आणि मग बंद होतं. नळ रिकामा झाला की आत दाब उरत नाही, आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं. म्हणजे पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही कागदावर दोन खाती असली, तरी जमिनीखाली ती एकमेकांत मिसळलेली असतात. एकाची सुरक्षा तपासून दुसरं सोडून देता येत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी सुरू केलं, तेव्हा लोकांना त्यातली सोय दिसली. नळात सतत दाब राहणं हे गटाराविरुद्धचं सगळ्यात चांगलं संरक्षण असतं, ही बाजू फारशी बोलली गेली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात गुईयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागले. चालती-बोलती माणसं दोन दिवसांत हातपाय हलवू शकेनाशी झाली. काही व्हेंटिलेटरवर गेली. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि त्यांतले काही दगावले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. २०२१ मध्ये महापालिकेत आलेली ही गावं. शहराला शुद्धीकरण केंद्रातून गाळलेलं पाणी मिळत होतं, इथं मात्र गाळणीशिवाय, नुसतं क्लोरीन घालून पाणी येत होतं. आजार कोंबड्यांमुळे की पाण्यामुळे, यावर बराच वाद झाला. माझं मत एवढंच आहे की जिथं संरक्षणाचा एकच थर आहे, तिथं तो थर किती वेळा आणि किती तासांसाठी गळाला, हे दर दिवशी ठाऊक असायला हवं. साथ आल्याची बातमी अतिदक्षता विभागातून यावी लागली, तर पहारा झोपलेला होता असंच म्हणावं लागतं.

पहाऱ्याच्या नावाखाली काय काय होऊ शकतं, हे मुंबईनं पाहिलं आहे. तानसाच्या प्रचंड जलवाहिन्या शहरात शिरतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना दाट झोपडपट्ट्या होत्या. वाहिन्यांच्या सुरक्षेसाठी दोन्हीकडे दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये दिला. वाहिनीला धोका होता, हे मी नाकारत नाही. पण तिथून उठवलेल्या हजारो कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत, घरं दिली गेली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच तिथली हवा आरोग्याला घातक ठरवली होती. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की या लोकांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडं द्या. वाहिनीला लागून राहणारी माणसं धोका म्हणून मोजली गेली. गळती, चोरी, खोदकाम सगळ्यांत आधी त्यांनाच दिसत होतं, हे त्या हिशेबात कुठंच आलं नाही.

आपल्याकडे तपासणीची एक चांगली, आपल्या मातीतली पद्धत आहे आणि तिच्याबद्दल शहरी लोकांना जवळजवळ काहीच माहीत नाही. महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा, गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा किंवा शौचखड्डा आहे का, जलवाहिनीला गळती आहे का, टाकी कधी धुतली, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शिल्लक आहे का आणि तिच्यात क्लोरीन पुरेसं उरलं आहे का, हे सगळं पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राखलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी. सँडियाच्या शास्त्रज्ञांनी जे प्रश्न विचारले, त्यांचं हे गावच्या विहिरीच्या मापाचं रूप आहे. नमुने घ्यायला जलसुरक्षक असतो. एका गावात तो नळाखाली परीक्षानळी धरून क्लोरीन ओळखणाऱ्या ‘ओटी’ या रसायनाचे थेंब टाकत होता आणि पाणी पिवळं झालं की आजूबाजूच्या बायकांना दाखवत होता. "पिवळं झालं, म्हणजे औषध हाय पाण्यात." नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, असं भारतीय मानक सांगतं. त्या बायकांना आकडा ठाऊक नव्हता, रंग ठाऊक होता. एखाद्या दिवशी पाणी पांढरंच राहिलं तर त्या विचारणार होत्या.

 गावी गेलात तर ग्रामपंचायतीत कार्डाचा रंग विचारा. लाल असेल तर कशामुळे, हेही विचारा, सर्वेक्षणाच्या नमुन्यात कारण लिहिलेलं असतं. शहरात राहत असाल तर वॉर्ड ऑफिसात दोन प्रश्न विचारा: तुमच्या भागातल्या नळावर शेवटचं क्लोरीन कधी मोजलं आणि किती आलं, आणि रात्री शंका आली तर पाणी बंद करण्याचा निर्णय कोणत्या पदावरचा माणूस घेतो. त्या तालुक्याच्या गावी मी निघताना काकांनी हाच दुसरा प्रश्न एका कागदावर लिहून घेतला. नगरपालिकेच्या पुढच्या बैठकीत तो साहेबांपुढे ठेवणार आहेत, लेखी उत्तर मागणार आहेत.